१७ किलोंची सॅक

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची यादी दोन्ही नीट वाचली. चार दिवसांची भटकंती, तीन मुक्काम आणि पाणी न धरता सॅकचं वजन १७ किलो. एक मित्र म्हणतो, निम्मं सामान काढून टाक. दुसरा म्हणतो, रानात जाऊन अडून बसण्यापेक्षा ओझं परवडलं. दोघंही आपापल्या अनुभवातून बोलतायत, आणि दोघांचं ऐकून तुझा गोंधळ उडालाय.

गाडी थेट मुक्कामापर्यंत जाणार असती, तर मी एवढं लांबलचक लिहिलंच नसतं. खुर्च्या ने, उशी ने, जाड गादी ने म्हटलं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तुम्हाला रोज सहा-सात तास चालायचंय. सॅकमधली प्रत्येक वस्तू प्रत्येक पावलाला तुझ्या गुडघ्यांवरून जाणार आहे.

साधा हिशेब असा की सवय नसलेल्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घेऊन दिवसभर चालू नये. तू ६० किलोंच्या आसपास, म्हणजे १२ किलो. तुझे १७ आणि वर निदान दोन लिटर पाणी म्हणजे आणखी दोन किलो. सात किलो जास्त आहेत. दुसऱ्या दिवशीच्या चढावर ते तुला जाणवतील, आणि तिसऱ्या दिवशी उतारावर गुडघ्यांना.

आता हे वजन बसलंय कुठे ते बघ. लोक टूथब्रशचा दांडा कापतात, साबणाचा तुकडा करतात. तुझ्या यादीत रिकामी सॅक २.८ किलो, तंबू ४.२, स्लीपिंग बॅग २.३. तीनच वस्तूंत नऊ किलोंच्या वर गेलं. म्हणून कात्री तिथे लाव. तंबू तिघांचा आहे आणि तुम्ही दोघं आहात. लहान मिळाला तर उत्तमच, नाही तर दांड्या आणि खुंट्या एकाने घ्या, कापड दुसऱ्याने. लगेच दोन किलो उतरले. नवीन सामान विकत घ्यायला मात्र आत्ता धावू नकोस. तुला काय हवंय हे तुलाच अजून ठाऊक नाही.

आणि बुटांकडे बघ. पायातलं एक किलो पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतकं दमवतं. ते जाडजूड बूट बर्फासाठी असतात. तुझ्या वाटेला घोट्याला नीट धरणारे हलके बूट पुरेत.

हलकं जाण्याचं वेड मलाही लागलं होतं. एमा गेटवूड या बाईंबद्दल वाचलं तेव्हाची गोष्ट. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या अमेरिकेतली सुमारे ३,३०० किलोमीटरची अपालाचियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पांघरायला एक ब्लँकेट, पावसाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. मी वाचून भारावले, आणि पुढच्याच खेपेला अंगाखाली अंथरायची मॅट घरी ठेवून निघाले. चारशे ग्रॅम वाचले.

ती रात्र मला अजून आठवते. स्लीपिंग बॅग चांगली होती, हवा फार गारही नव्हती. तरी पाठ आणि कंबर बर्फावर टेकल्यासारखी. पिसांची असो की कृत्रिम धाग्याची, बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. मग जमीन अंगातली उष्णता ओढत राहते. दोन वाजता उठून मी रिकामी सॅक, दोरी, उरलेले कपडे, सगळं पाठीखाली पसरलं आणि उजाडायची वाट बघत बसले.

पुढे कळलं की थंड रात्री गेटवूडबाई चपटे दगड तापवून त्यांवर झोपायच्या. म्हणजे मॅटचं काम त्यांच्याकडेही होत होतं, फक्त ते मॅट करत नव्हती. शेतावर राबून, अकरा मुलं वाढवून आलेलं शहाणपण त्यांच्या पिशवीत होतं आणि त्याला वजन नव्हतं. तरीही आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्या वाट चुकल्या होत्या, चष्मा फुटला होता आणि घरी परतावं लागलं होतं.

तुझ्या यादीतली वस्तू काढायची की ठेवायची, हे मी तेव्हापासून असंच ठरवते: ही काढली तर हिचं काम कोण करणार? उत्तर आलं तर काढ. उत्तर नसेल आणि ते काम टाळता येण्यासारखं नसेल, तर कितीही जड असो, ती सोबत राहील.

पाण्याचंच बघ. तू पाच लिटरचा कॅन लिहिलायस. तुझ्या नकाशात दर दोन-तीन तासांवर झरा असेल आणि तो आत्ता वाहतोय अशी पक्की खबर असेल, तर दोन लिटर पुरे. पाणी खळखळ उकळी फुटल्यापासून एक मिनिट उकळून प्यायचं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. तेवढ्या माहितीने तुझे तीन किलो कमी केले. खबर नसेल तर पाचही लिटर उचल आणि कुरकुर करू नकोस.

कोरड्या कपड्यांच्या बाबतीत मात्र मी तुझं काही ऐकणार नाही. झोपायचा एक जोड आणि लोकरीचे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेव. दिवसभर कितीही भिजलास तरी ती पिशवी तंबूत शिरल्यावरच उघडायची, आणि सकाळी पुन्हा ओले कपडे अंगावर चढवून कोरडे आत टाकायचे. सकाळचं ते पाच मिनिटांचं काम नकोसं वाटतं, पण कर. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढतं. त्यामुळे पारा शून्याच्या खूप वर, दहा अंशांवर असला, तरी पावसात आणि वाऱ्यात भिजलेल्या माणसाच्या शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरू शकतं. तेव्हा माणूस आधी थरथरतो, मग बोबडं बोलू लागतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. जीन्स आणि सुती टी-शर्ट भिजले की वाळत नाहीत, म्हणून ते घरी. पावसाळी जॅकेट, हेडटॉर्च, नकाशा, लायटर, प्रथमोपचाराचं सामान आणि मॅट यांनाही हात लावू नकोस.

बाकी कुऱ्हाड, घडीचं स्टूल, दुसरं पातेलं, मोठा टॉवेल, चौथा शर्ट. यांच्यापुढे तू स्वतःच ‘कदाचित’ लिहिलंयस. काढून टाक, तीन किलो जातील. वजन १२वर येईल, पाणी धरून १४. दोन किलो जास्तच, पण पहिल्या खेपेला चालेल. खाणं रोज कमी होत जातं, शेवटच्या दिवशी सॅक हलकी लागेल.

एक राहिलं. तंबू लहान असला आणि बाहेर पाऊस असला की स्टोव्ह आत पेटवायचा मोह होतो. पेटवायचा नाही. स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्या रात्री सुकं खाऊन झोपा.

निघण्याआधी एक रात्र घराजवळ मोकळ्यावर याच सामानासह काढ. आणि परत आल्यावर सॅक घाईने रिकामी करू नकोस. जमिनीवर चादर पसर आणि तीन ढीग कर: रोज वापरलेलं, एकदाच वापरलेलं, हातच न लागलेलं. प्रथमोपचाराची पिशवी तिसऱ्या ढिगात असेल तर आनंद मान आणि तिला पुन्हा सॅकमध्ये ठेव. उरलेल्या ढिगाचा फोटो मला पाठव, मग पुढच्या खेपेचं बघू.

तुझी,
मावशी