दुबई विमानतळाच्या रॅम्पवर यायचंय? आधी ऑफर लेटर उलगडून बघ

ओंकार,

तुझा मेसेज आला तेव्हा मी रात्रपाळीत होतो. हातात ग्लोव्हज होते म्हणून नुसता अंगठा पाठवला, त्याचा अर्थ 'ये' असा काढू नकोस. तू लिहिलंयस की दादरचा एक एजंट दुबई विमानतळावर 'ग्राउंड हँडलिंग स्टाफ' म्हणून लावून देतो म्हणतोय. पगार दोन हजार दिरहम, राहणं कंपनीचं, आणि त्याला दीड लाख द्यायचे. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. 'काका, येऊ का?'

दीड लाख देऊन येऊ नकोस. एवढं बाबांना आजच वाचून दाखव, बाकीचं सावकाश वाच.

मी २०११ मध्ये आलो तेव्हा एजंटाला नव्वद हजार मोजले होते. आईच्या पाटल्या गहाण गेल्या आणि सोडवायला चौदा महिने लागले. पुढे इथल्या एका जुन्या माणसानं सांगितलं की एवढे पैसे द्यायचेच नव्हते. आपल्या सरकारच्या नियमानं नोंदणी असलेल्या एजंटाला फार तर तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे, तो कंपनीनं करायचा. तेव्हा त्या माणसाचा नोंदणी क्रमांक माग आणि ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या साइटवर टाकून नाव, पत्ता, मुदत जुळते का बघ. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून मिळेल' असं म्हणाला तर चहा संपव आणि ऊठ. व्हिजिट व्हिसावर काम करणं इथे बेकायदा आहे, आणि पकडला गेलास तर एजंट फोनही उचलणार नाही.

आता कामाचं. 'ग्राउंड हँडलिंग स्टाफ' म्हणजे 'शेतावरचं काम' म्हटल्यासारखं आहे. नांगर धरायचा, भारे वाहायचे, की मचाणावर बसून राखण करायची? मजुरी तिन्हीला वेगळी. चेक-इनच्या काउंटरवर टाय लावून बसणाराही ग्राउंड हँडलिंगवाला आणि ४५ डिग्रीत विमानाच्या पोटात शिरून बॅगा रचणाराही तोच. तुझ्या त्या सहा महिन्यांच्या एव्हिएशन कोर्सच्या जाहिरातीत पहिला दिसतो. एजंट भरतात बहुतेक दुसरा.

विमान बेवर (रॅम्प म्हणजे विमानं उभी करायचं पटांगण, बे म्हणजे त्यातली एका विमानाची जागा) येतं तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे तू कुठे बसतोस ते तुलाच कळेल. इंजिनं बंद होऊन पोटावरचा लाल लुकलुकता दिवा विझेपर्यंत कुणी पुढे जात नाही. चालू इंजिन माणूस ओढून घेतं, आणि हे भीती घालायला सांगत नाही, जगात झालेलं आहे. दिवा विझला की चाकांना चोक म्हणजे अडवणीचे ठोकळे, पंखांच्या टोकांशी आणि इंजिनांपुढे रस्त्यावर ठेवतात तसले शंकू. मग जीपीयूची, म्हणजे खालून वीज देणाऱ्या यंत्राची, जाड केबल नाकाखाली जोडतात. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. आपल्या घरची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते, विमानाला ती चालत नाही. ही केबल लागली की शेपटीतलं छोटं इंजिन बंद करता येतं आणि तेल वाचतं. पिवळा जाड होज दिसतो ना, मोठ्या अजगरासारखा, त्यातून केबिनला थंड हवा जाते. मग एका बाजूला जिना किंवा ब्रिज, दुसऱ्या बाजूला केटरिंगचा उचलणारा ट्रक, पिण्याच्या पाण्याची गाडी, संडासाची गाडी (तिच्यावर कुणालाच जायचं नसतं, म्हणून नव्याला पाठवतात), आणि इंधनवाला.

आणि सामान. इथेच तुझा सगळा हिशेब आहे.

मोठ्या विमानात बॅगा कंटेनरमधून जातात. बोइंग ७७७-३०० ईआरच्या पोटात एलडी३ जातीचे ४४ कंटेनर मावतात, एकेक भरून जास्तीत जास्त १,५८८ किलो. ते डॉलीवरून, म्हणजे चाकांच्या सपाट गाडीवरून, ओढत आणायचे आणि हाय लोडरनं दरवाजापर्यंत उचलायचे. आत रोलर असतात, त्यांवरून ते सरकतात. हाय लोडरवर बसलेल्या माणसाच्या हातात जॉयस्टिक असते. त्याची डोक्याची कटकट मोठी असते, पण संध्याकाळी त्याची कंबर जागेवर असते.

७३७ सारख्या छोट्या विमानात कंटेनर जातच नाहीत, सगळं सुटं. बेल्ट लोडर, म्हणजे सरकत्या पट्ट्याची गाडी, लावायचा, एकानं खाली ट्रॉलीपाशी, एकानं दारात, आणि दोघांनी आत गुडघ्यावर. त्या पोटाची उंची तुझ्या छातीएवढीसुद्धा नाही, उभं राहता येत नाही. बॅग येते, तू गुडघ्यावर वळतोस, टाकतोस, पुन्हा वळतोस. एका बॅगेला ३२ किलोची मर्यादा असते, पण दीडशे बॅगा झाल्यावर तेवीसचीही बत्तीसची वाटते. जुलैत आतली हवा भट्टीतली. मी तीन वर्षं हे केलं. डावा गुडघा अजून पावसाळ्यात गावी आलो की सांगतो, बाबा रे, होतो मी तिथे.

रचण्यालाही डोकं लागतं बरं का, 'लोडर म्हणजे हमाल' असं समजू नकोस. कागदावर लिहिलेलं असतं पुढच्या होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, किती, मागच्यात किती. भरताना आधी पुढचं भरायचं, उतरवताना आधी मागचं काढायचं. उलटं केलंस तर मागे वजन होऊन विमान शेपटीवर बसतं, नाक वर. हसू येतं ऐकायला, पण काही विमानांना म्हणूनच शेपटीखाली टेकू लावतात.

आमच्यात सगळ्यांचा डोळा असतो तो पुशबॅकवर, म्हणजे विमान बेवरून मागे ढकलण्यावर. टग, म्हणजे ढकलणारा ट्रॅक्टर, नाकाच्या चाकाला जोडायचा, पण त्याआधी एक पिन घालायची, लाल फीत लावलेली. ती घातली की वैमानिकाचं चाक वळवणं बंद होतं आणि टग हवं तसं वळवू शकतो. हेडसेट लावलेला माणूस आणि कॉकपिट यांचं बोलणं ठरलेल्या शब्दांत, इंग्रजीत. ब्रेक सुटला, ढकला. ब्रेक लागला, सोडा. मग टो-बार, म्हणजे जोडणारा दांडा, काढायचा, पिन काढायची, बाजूला जाऊन ती हातात उंच धरायची, फीत लोंबती ठेवून, म्हणजे वैमानिकाला दिसेल की चाक मोकळं झालं. तो वरून हात करतो. त्या एका हातासाठी माझ्यासारख्याची रात्र बरी जाते, खरं सांगतो.

पण तिथे पोचायला मला सहा वर्षं लागली, आणि मध्ये एकदा स्वतःच्या हातानं माती केली होती. विमानाजवळ वाहन नेताना थोड्या अंतरावर पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा असा नियम आहे. घाईत मी तो गाळला आणि बेल्ट लोडरचं नाक दाराच्या कडेला टेकलं. नुसतं टेकलं. पोचा नाही, ओरखडा नाही. मनात आलं, कुणी पाहिलं नाही, गप्प बसावं. मग दोन मिनिटं घाम फुटला आणि सुपरवायझरला सांगितलं. विमान तपासणीला थांबलं, मी तीन आठवडे ड्रायव्हिंगवरून खाली, पण नोकरी राहिली. नव्या विमानांचं अंग कार्बन फायबरचं असतं, ७८७ चं, ए३५० चं. त्याला बाहेरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात. ठोकणाऱ्याला माफी मिळते, लपवणाऱ्याला थेट घरचं तिकीट.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: यायचं तर मशीनवर बसायला ये. तुझ्याकडे टेम्पोचं लायसन्स आहेच, त्याला वर्ष झालं की हेवीचं काढ. आपल्याकडे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस 'युटिलिटी एजंट कम रॅम्प ड्रायव्हर' अशी पदं भरते, दहावी पास आणि हेवी लायसन्स मागते. 'हँडीमन'ची, म्हणजे लोडरची, रांग वेगळी. जुलै २०२४ मध्ये कलिन्याला त्या भरतीला हजारो पोरं लोटली होती, तू बातम्यांत पाहिलं असशील. ड्रायव्हरच्या रांगेत गर्दी कमी असते. आणि तू पनवेलला राहतोस, नवी मुंबईचा विमानतळ तुझ्या दारात आलाय. दोन वर्षं तिथे ट्रॅक्टर, बेल्ट लोडर चालव, एअरसाइड परमिट, म्हणजे विमानांच्या बाजूला गाडी चालवायचा परवाना, मिळव, डेंजरस गुड्सचं म्हणजे धोकादायक मालाचं प्रशिक्षण घे. ते कागद घेऊन आलास तर इथे 'इक्विपमेंट ऑपरेटर' म्हणून बोलणी होतील. भारतातलं लायसन्स इथे सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते, पण हात बसलेला असला की परीक्षा सोपी जाते.

एवढं वाचूनही आत्ताच यायचं ठरवलंस तर ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी बघ.

पहिली, मालक कोण? विमानतळावर काम करणारा प्रत्येक जण हँडलिंग कंपनीचा नसतो. पुष्कळ जण माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या व्हिसावर असतात. काम तेच, जॅकेट तेच, पण पगारवाढ आणि सुट्टी दुसऱ्याच्या हातात. दुबईत डनाटा ही १९५९ पासूनची कंपनी आहे, तिच्या जागा तिच्या स्वतःच्या साइटवर निघतात. मोठ्या कंपन्यांच्या लेटरहेडवर खोटी पत्रं बनवणारे कमी नाहीत, म्हणून जागा साइटवर आहे का ते स्वतः बघ.

दुसरी, बेसिक किती? दोन हजारात बेसिक, जेवण, ओव्हरटाइम सगळं मिळून धरलंय का? नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांची. बेसिक ९०० असेल तर वर्षाचे ६३० दिरहम. १,४०० असेल तर ९८०. पाच वर्षांत साडेसतराशेचा फरक पडतो, तोही काही न करता.

तिसरी, पदाचं नाव. 'क्लीनर' किंवा 'जनरल हेल्पर' असं लिहिलं असेल तर तोंडी दिलेल्या 'रॅम्प एजंट'ला काही किंमत नाही. हे पत्र अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकतं, मागून घे. मराठीत नाही. त्यात लिहिलं त्यापेक्षा कमी पगाराचा करार इथे आल्यावर तुझ्यापुढे ठेवता येत नाही, म्हणून प्रत जपून ठेव. आणि पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं इथे बेकायदा आहे, व्हिसाच्या कामाला मागितला तर ते झाल्यावर परत घे.

राहण्याचं विचारलंस. कंपनीची खोली म्हणजे बंक बेड, सहा जण, एक फ्रीज. मी पहिली चार वर्षं मुहैस्नाला होतो. त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, सोनापूरला राहतो, तर ती गप्पच झाली. तिच्या मुंबईत सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सची स्मशानभूमी! खोलीत एक केरळचा, दोन नेपाळचे, एक पेशावरचा. हिंदी सगळ्यांना येते, माझी तिथेच सुधारली. आठवड्याला एक सुट्टी, ती रविवारी येईलच असं नाही. गणपती दोनदा ड्युटीवर गेले, तिसऱ्यांदा मी रजा आधीच लिहून ठेवली.

उन्हाचं सांगतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, पण तातडीच्या कामांना त्यातून सूट असते आणि विमानं यायची थांबत नाहीत. माणसं आळीपाळीनं आत बसवतात. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, मीठ-लिंबू घालून. पहिल्या उन्हाळ्यात पोरं कोसळतात ती लाजेपायी, 'मला जमत नाही' म्हणायची लाज. तू म्हण.

इथे आल्यावर छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी होते. आजोबांच्या वेळी घरात टीबी होता ना? तू तिकडेच एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखव. छातीवर जुना डाग निघाला तर इथून परत पाठवू शकतात, आणि कर्ज मात्र तिकडे उभं राहतं. दहावीचं मूळ सर्टिफिकेट आण, पोलिसांचा दाखला आण. कागद अमिरातीच्या वकिलातीकडून अटेस्ट करून घ्यायचे असतील तर आपल्या परराष्ट्र खात्याचा एकटा अपोस्टिलचा शिक्का इथे पुरत नाही.

आणि आईला सांग, डब्यात अनारसे नकोत. खसखस इथे बंदी असलेल्या मालात मोडते, मसाल्यातलीही. चकल्या कितीही दे. खोकल्याचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणू नकोस, कोडीनवालं तर नकोच.

ऑफर लेटरचा फोटो पाठव, पहिलं पानच नाही, सगळी पानं, शिक्का आणि बेसिकचा आकडा दिसेल असा. रविवारी माझी पाळी दुपारी दोनला सुटते, तिकडे साडेतीन. तेव्हा बाबांनाही फोनवर बसव. तोवर एजंटाला टोकन म्हणून पाच हजारही देऊ नका.

विनयकाका