युरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात?
जंतू वाढायला वेळ घेतात, म्हणून. मी सांगलीत लॅबमध्येच काम करतो, हा प्रश्न काउंटरवर रोजचाच. नमुना मॅकॉन्की अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर पसरून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. ई. कोलाय हा जंतू असेल तर सकाळी गुलाबी ठिपके दिसतात, कारण तो लॅक्टोज (दुधातली साखर) आंबवतो. मग ग्रॅम स्टेन, इंडोल वगैरे चाचण्या करून ओळख पक्की. पण औषध कोणतं लागू पडेल? त्यासाठी अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून आणखी एक रात्र. चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतो.

मिरजेहून कुणी सकाळची बाटली दुपारी आणली, की मात्र कपाळाला हात! दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्या.