आमदारकीला उभं राहण्याआधी

सप्रेम नमस्कार,

युनियनचं काम करता करता विधानसभेला उभं राहावं का, असं तू विचारलंस. जरूर राहा. पण आधी गुलझारीलाल नंदांची कारकीर्द नीट समजून घे. ते दोनदा हंगामी पंतप्रधान झाले हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुझ्या उपयोगाचा भाग त्याआधीचा आहे.

१९२२ मध्ये ते अहमदाबादच्या मजूर महाजनाचे, म्हणजे गिरणी कामगारांच्या युनियनचे, चिटणीस झाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले, कामगार खात्याचे संसदीय सचिव झाले, तरी युनियन सुटली नाही. १९४६ मध्ये प्रांताचे मजूरमंत्री झाले, तेव्हा गिरणी कामगारांमधली चोवीस वर्षं पाठीशी होती. एवढी तयारी करून मंत्रालयात जाणारे किती असतात?

अहमदाबादेत गांधीजींच्या शिकवणीप्रमाणे तंटा लवादाकडे जायचा. मुंबईच्या गिरणगावाची रीत वेगळी. तिथे १९२८ चा सहा महिन्यांचा संप झालेला, लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचा, जोर. १९३८ मध्ये काँग्रेस सरकारने संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर विरोधात उभे राहिले आणि ७ नोव्हेंबरला कामगारांनी एक दिवसाचा संप केला. कामगारांसाठी झटणारी माणसं सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवर होती, हे विसरू नकोस.

मंत्री झाल्यावर नंदांनी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा मार्गी लावला. एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, वाटाघाटी तिनेच करायच्या. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि मान्यता मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ या काँग्रेसच्या बाजूच्या युनियनकडेच राहिली. कामगार एकीकडे, करारावर सही करायचा हक्क दुसरीकडे. हा कायदाच रद्द करा, अशी त्या संपात मागणी होती. संप फसण्याची कारणं इतरही होती; पण कामगारांच्याच माणसाने आणलेला कायदा कामगारांना नकोसा व्हावा, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आमदार झाल्यावर कायद्याचा मसुदा हातात आला की आधी व्याख्यांचं कलम काढ. 'कामगार' म्हणजे कोण? बदली (कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी येणारे) आणि कंत्राटी त्यात बसतात का? लोकांनी युनियन सोडली तर तिची मान्यता कोणाकडे अर्ज करून, किती दिवसांत काढता येते? तुझ्यावर रागावून युनियनबाहेर पडलेल्या एखाद्या बदली कामगाराला समोर बसवून हे कलम वाचून दाखव. त्याची हरकत रास्त वाटली तर दुरुस्ती मांड, मग पक्षात कोणी कितीही नाराज होवो.

तिकिटाची बोलणी सुरू होण्याआधी एकदा ये. १९४६ चा कायदा आपण कलमवार वाचू.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता