एमएस सर्जरीनंतर इंग्लंडला यायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात जनरल सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, परीक्षा सहा महिन्यांवर आली आहे, पुढे सरकारी सेवेचा बॉण्ड आहे. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी परदेशी डॉक्टरांची प्लॅब द्यावी की तिथल्या सर्जनांची एमआरसीएस? तिकडे गेल्यावर ऑपरेशन करायला मिळतं की नुसतं दुसऱ्याच्या ऑपरेशनला रिट्रॅक्टर धरण्यात वर्षं जातात? आणि सात-आठ वर्षांनी परत येऊन आपल्या तालुक्याला हॉस्पिटल टाकता येईल का? मी मिरजेला एमएस केलं, काही काळ लेक्चरर होते, २०११ साली इकडे आले. आता यॉर्कशायरमध्ये कन्सल्टंट, म्हणजे स्वतंत्र जबाबदारीची वरिष्ठ सर्जन, आहे, मुख्यतः मोठ्या आतड्याचं काम करते.

पहिलं म्हणजे एमएस अर्धवट टाकून येण्याचा विचारही करू नकोस. बॉण्डसुद्धा पूर्ण कर, आणि जमलं तर मोठ्या कॉलेजापेक्षा जिल्हा रुग्णालयात कर. रात्री दोनला सिस्टरचा फोन येतो, वर विचारायला कोणी नसतं आणि पोट उघडायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे तुलाच ठरवायचं असतं, अशा दहा रात्री इकडे आल्यावर तुला उभं राहायला बळ देतील. आपल्याकडे जेआर थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, हातून जेवढे पर्फोरेशन (फुटलेलं आतडं), लिव्हर अ‍ॅब्सेस आणि डायबेटिक फूट जातात, तेवढे इथल्या त्याच वयाच्या डॉक्टरने पाहिलेलेही नसतात.

आता परीक्षा. प्लॅब ही एमबीबीएसच्या पातळीची परीक्षा आहे. पहिला भाग भारतात देता येतो, दुसरा फक्त मँचेस्टरला होतो. त्याची फीच हजार पौंडांच्या आसपास आहे, शिवाय विमान आणि राहणं वेगळं. सर्जरीत एमएस झालेल्या मुलीने तो खर्च का करावा? एमआरसीएसचे दोन्ही भाग पास झालीस तर जनरल मेडिकल कौन्सिल नोंदणीसाठी प्लॅब मागत नाही. (इथे सगळे ह्या कौन्सिलला जीएमसी म्हणतात. आपल्याकडच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजशी सुरुवातीला माझी फार गल्लत व्हायची.) एमआरसीएसचा पार्ट ए म्हणजे एमसीक्यूचे दोन पेपर, मिळून ३०० प्रश्न आणि पाच तास. पार्ट बी ही ओस्की, म्हणजे टप्प्याटप्प्याने घेतलेली तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा, तिचीही केंद्रं भारतात असतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, क्रिटिकल केअर हे एमएसच्या तयारीत ताजं असतं, म्हणून थिअरी संपल्यावर चार-पाच महिन्यांत पार्ट ए देऊन टाक. मी दीड वर्ष थांबले आणि ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) पुन्हा पहिल्यापासून पाठ करत बसले. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात. नाहीतर ओईटी ह्या वैद्यकीय इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत बी ग्रेड. आपल्या मुलांना ओईटी सोपी जाते, कारण तिच्यात डिस्चार्ज लेटर आणि पेशंटशी बोलणं असतं.

कागदांची एक गोष्ट आजच तपास. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर अजून घोळ. पदव्यांची पडताळणी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (तुझ्याविरुद्ध कारवाई नाही असं प्रमाणपत्र), दोन्हीकडे नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. माझे तीन महिने एका प्रतिज्ञापत्रापायी गेले.

नोंदणी झाली म्हणजे ट्रेनिंगची जागा मिळाली असं नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. इथला सरळ रस्ता असा: एमबीबीएसनंतर दोन वर्षं नव्या डॉक्टरांचं फाउंडेशन, दोन वर्षं कोअर सर्जिकल ट्रेनिंग (सर्जरीची सुरुवात), मग देशपातळीवरच्या निवडीतून एसटी थ्री (वरच्या ट्रेनिंगचं पहिलं वर्ष), तिथून एसटी एटपर्यंत सहा वर्षं, त्यात एफआरसीएस ही सर्जरीची शेवटची परीक्षा, शेवटी सीसीटी हे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. म्हणजे कॉलेज संपल्यापासून दहा वर्षं, तीही कुठे न अडकता. तुला वाटेल, कोअर ट्रेनिंगपासून सुरुवात करू. पण तिथे अर्जदाराचा सर्जरीतला अनुभव साधारण १८ महिन्यांहून जास्त नसावा अशी अट ठेवतात. तीन वर्षांची एमएस झालेली मुलगी त्या दारासाठी जास्तच शिकलेली ठरते. मग राहतं एसटी थ्री. त्यासाठी कोअर ट्रेनिंगच्या बरोबरीची क्षमता आहे असं प्रमाणपत्र कन्सल्टंटच्या सहीनिशी लागतं आणि जागांसाठी झुंबड असते. २०१९ पासून परदेशी डॉक्टरांना पहिल्याच फेरीत अर्ज करता येऊ लागले होते. पण २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एनएचएस ह्या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या दहा वर्षांच्या योजनेत सरकारने स्थानिक पदवीधरांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. तेव्हा ट्रेनिंगची जागा मिळेल ह्या भरवशावर कर्ज काढून येऊ नकोस. अर्ज करायचाच असेल तर त्या वर्षीच्या अटी स्वतः वाच, सीनियरच्या तोंडच्या ऐकू नकोस. माझ्याही नाही.

मग आमच्यासारखे लोक कन्सल्टंट कसे होतात? ट्रेनिंगबाहेरच्या नोकऱ्यांतून. क्लिनिकल फेलो, ट्रस्ट डॉक्टर, स्पेशालिटी डॉक्टर अशी त्यांची नावं. ह्या नोकऱ्या करत करत एफआरसीएस द्यायची, पुरावे जमवायचे आणि थेट स्पेशालिस्ट रजिस्टरसाठी (तज्ज्ञांच्या अधिकृत यादीसाठी) अर्ज करायचा. माझ्या वेळी ह्या वाटेला सीझर म्हणत, नोव्हेंबर २०२३ पासून पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात. माझा अर्ज शेकडो पानांचा झाला: लॉगबुक, प्रत्येक पातळीवर कन्सल्टंटने पाहून भरलेली मूल्यमापनं, ऑडिट, मॉर्टॅलिटी मीटिंगची (मृत्यूंवरच्या चर्चेची) टिपणं, शिकवल्याचे पुरावे. प्रत्येक पानावरून पेशंटचं नाव काळं करायचं. दोन हिवाळे मी रविवारी मुलाला नवऱ्याकडे सोपवून हेच करत होते.

म्हणून लॉगबुक आजपासून ठेव. एमएसच्या वेळी सही घेण्यापुरती वही भरतो, तशी नको. तारीख, निदान, तू काय केलंस, हाताखाली कोण, वर कोण, गुंतागुंत काय झाली, सगळं लिही. नंतर आठवून लिहिलेलं कुणाला पटत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, ऑपरेशन करायला मिळतं का. पहिलं वर्ष जड जातं. मी आले तेव्हा माझ्या नावावर शेकडो हर्निया होते, आणि पहिल्या नोकरीत सहा महिने मी राउंडच्या नोंदी लिहिल्या, घरी सोडायची औषधं लिहिली आणि सलाइन लावल्या. त्या हॉस्पिटलने मुलाखतीत ऑपरेशन थिएटर मिळेल असं सांगितलं होतं, रोटात (ड्यूटीच्या तक्त्यात) मात्र आठवड्याला एकही सेशन नव्हतं. मी विचारलं, पुन्हा विचारलं, मग नोकरी सोडली. तू मुलाखतीतच विचार: आठवड्यात थिएटरचे सेशन किती, ऑन-कॉल रजिस्ट्रारच्या (कन्सल्टंटच्या लगेच खालच्या डॉक्टरच्या) पातळीवर की त्याखाली, पोर्टफोलिओसाठी मूल्यमापनं कोण भरून देणार, आधीचा फेलो कुठे गेला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. आणि जमलं तर त्या फेलोलाच फोन कर.

दुसऱ्या नोकरीत हात मोकळा झाला. पण तोपर्यंत मला दुसरीच गोष्ट शिकावी लागली होती, आणि ती शिकायला तरी मी इथे आले हे बरं झालं असं आज वाटतं. तिसऱ्या वर्षी एका रात्री केअर होममधून ८६ वर्षांच्या आजी आल्या. स्मृतिभ्रंश, अंथरुणाला खिळलेल्या. सीटीत सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) फुटलेलं, पोटभर घाण. मी ओटीला कळवलं, भूल देणाऱ्यांना बोलावलं, मग बॉसना फोन केला. ते घरून आले. मला वाटलं ऑपरेशनला स्क्रब होतील. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या: आजी गेल्या महिन्यात किती चालत होत्या, जेवण स्वतः घेत होत्या का, शुद्धीत असताना त्यांनी कधी काय हवं-नको सांगितलं होतं का. मला एकही माहीत नव्हती. इथे इमर्जन्सी लॅपरॉटॉमीची (तातडीने पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची) देशभर नोंद ठेवतात, नेला म्हणतात त्या ऑडिटला. पोट उघडण्याआधी मृत्यूची शक्यता मोजून लिहावी लागते. आम्ही ती मोजली. मग बॉस आजींच्या मुलीजवळ पाऊण तास खुर्ची ओढून बसले. ऑपरेशन झालं नाही. वेदना थांबतील एवढं औषध दिलं, वेगळी खोली दिली. तिसऱ्या दिवशी आजी गेल्या, मुलगी शेजारी होती.

मी आठवडाभर अस्वस्थ होते. मिरजेत आम्ही त्यांना नक्की टेबलवर घेतलं असतं, नातेवाइकांना ‘गॅरंटी नाही’ एवढं सांगून सही घेतली असती, आणि त्या व्हेंटिलेटरवर गेल्या असत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तोच आजार घेऊन ७९ वर्षांचे एक शेतकरी आले, आदल्या दिवशीपर्यंत मेंढ्यांमागे हिंडणारे. पहाटे तीनला तेच बॉस पुन्हा घरून आले, कारण मृत्यूची शक्यता पाच टक्क्यांवर असेल तर कन्सल्टंट ओटीत हजर असावा असा इथला दंडक आहे. हार्टमन्स (खराब आतडं काढून शौचाचा मार्ग पोटावर आणायचं ऑपरेशन) त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, स्वतः समोर उभे राहिले. आजोबा चालत घरी गेले. आपल्याकडे रात्रीचा पर्फोरेशन जेआर आणि लेक्चरर उरकतात, सकाळी राउंडला सर विचारतात. त्यात हात लवकर तयार होतो हे खरं, पण कुणाला न कापता जाऊ द्यायचं हे मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

कन्सेंटचंही तसंच. २०१५ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने माँटगोमेरी खटल्यात सांगितलं की समोरच्या पेशंटला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका सांगायला हवा, डॉक्टरला किरकोळ वाटला तरी. म्हणून हर्नियाच्या पेशंटलाही पुढे वर्षानुवर्षं दुखू शकतं हे मी बसून सांगते. ओपीडीत वेळ जातो. पण दुखलंच तर पेशंट माझ्याकडेच परत येतो.

माणसांची बोली कानावर पडू दे. ‘नॉट टू बॅड’ म्हणणारा म्हातारा पोट फुटलेला असू शकतो. नर्स म्हणाली की पेशंट ‘पुअरली’ (बरा नाही) आहे, तर हातातलं टाकून धाव. एमआरसीएस झाल्यावर तुला डॉक्टर म्हणणं बंद होईल, मिस म्हणतील. इथले सर्जन एकेकाळी न्हाव्यांच्या संघात होते, पदवीधर वैद्यांत नव्हते, तेव्हापासूनची ही रीत. आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मुलीच्या नावामागे डॉक्टर लागावं म्हणून तिने काय काय केलं होतं ते मला माहीत आहे.

परत जाण्याचं. दोन वर्षांत नक्की परतायचं असेल तर एमटीआय ही परदेशी डॉक्टरांना काही काळ शिकवून परत पाठवायची योजना बघ, तिचा व्हिसा जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असतो आणि शिकवण्याचा हेतू तरी स्पष्ट असतो. सात-आठ वर्षं राहिलीस तर मात्र एक गोष्ट लक्षात घे. इथे जनरल सर्जन जनरल उरत नाही. मी आतडं करते, इमर्जन्सीत अपेंडिक्स आणि पित्ताशय. हायड्रोसील, मुतखडा, भाजलेले, साप चावून सुजलेला पाय, हे माझ्या हातून केव्हाच गेलं. तालुक्याच्या सर्जनला ते सगळं लागतं, आणि रात्री गायनॅकवाल्या मॅडमनी हाक मारली तर सिझेरियनला उभंही राहावं लागतं. माझी एक बॅचमेट मिरजेहून थेट तिच्या गावी गेली. आज तिच्या हातात जी विविधता आहे ती मला कधीच येणार नाही. तिच्या गावाला ती हवी होती आणि माझ्या मनात एका अवयवाचं काम खोल शिकायचं होतं. तुझ्या प्रश्नात ‘तालुका’ हा शब्द तीनदा आला आहे. तो खरा असेल तर बॉण्ड, मग एखाद्या चांगल्या केंद्रात लॅपरोस्कोपीची फेलोशिप, आणि गाव. इंग्लंड त्यात बसवायची गरज नाही.

पैशांबद्दल एवढंच: पगारात नीट राहता येतं, पण मोठ्या शहरात घरभाडं आणि लहान मुलाचं पाळणाघर ह्यात त्यातला मोठा भाग जातो. नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नकोस. आणि आई-वडिलांच्या आजारपणात पोचायला दीड दिवस लागतो. माझ्या वडिलांच्या वेळी मी पोचले नाही.

परीक्षा होऊ दे. पार्ट ए ची तारीख ठरली की मला कळव, आणि तोवरच्या लॉगबुकची दोन पानं पेशंटची नावं काढून पाठव. काय लिहायचं राहतंय ते मी त्यावर खूण करून सांगेन.