शाळेशेजारचा निवासी भूखंड व्यावसायिक होतोय, हरकत कशी घ्यायची?

महाराष्ट्रात विकास आराखड्यातला असा बदल सहसा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. सूचना प्रसिद्ध झाली की महिन्याच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो. ती लेखीच द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा.

नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहून भागत नाही. शाळा सुटतानाचे फोटो जोडा. रिक्षा-दुचाक्यांमधून मुलं कशी वाट काढतात ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांना दिसू दे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, व्यावसायिक भागात २.५. टेप घेऊन मोजा, आकडा अर्जात टाका. मालाचे टेम्पो कुठे उभे राहणार, हेही विचारा. पालक-शिक्षक संघाचं पत्र वेगळं द्या आणि एक प्रत वाहतूक पोलिसांना.