ईस्टर सरला आणि घरातली प्रार्थना थांबली

मी समुपदेशक आहे. ईस्टरनंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती पालकांच्या बोलण्यात एक चिंता हमखास असते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत घर शिस्तीत चालले, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चुकली नाही, मांसाहार सुटला, टीव्ही बंद राहिला. आणि ईस्टरचा रविवार मावळताच सगळे पूर्वीसारखे झाले, मुले तर प्रार्थनेला बसायलाही तयार नाहीत. मग आमच्या घरातला विश्वास त्या चाळीस दिवसांपुरताच होता काय, असे ते विचारतात. विचारणारी बहुधा आई असते, आणि मुलगा हातातून चालला आहे हे उत्तर तिने मनाशी आधीच ठरवलेले असते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडतो आहे.

हे कुटुंब नागपूरच्या मेकोसाबागेतले. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड, त्यामुळे ड्युटीची वेळ कधीच ठरलेली नाही. आई शाळेत शिक्षिका. घरात वडिलांची आई आणि बारावीची परीक्षा देऊन वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारा सतरा वर्षांचा एकुलता मुलगा. त्या वर्षी ईस्टर मार्चअखेर आला होता आणि 'नीट' मेच्या पहिल्या रविवारी होती. आई एकट्याच आल्या. येताना त्यांनी एक वही आणली होती. लेंटच्या पहिल्या बुधवारपासून त्यांनी तिच्यात रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, बायबलमधले वचन कोणी वाचले, प्रार्थना कोणी केली, गीत कोणते म्हटले. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येक ओळ निळ्या शाईने भरलेली होती. पुढच्या पानावरही त्यांनी रकाने आखून ठेवले होते, पण त्यांत मुलाच्या नावापुढे रोज लाल फुली होती. आपल्या वर्गाच्या हजेरीपटाइतक्याच नेटकेपणाने त्यांनी आपल्या घराची ही नोंद ठेवली होती.

त्यांचा विचार असा होता की, लेंटमधला उपवास आणखी चाळीस दिवस चालू ठेवावा, म्हणजे देव मुलाचे मन वळवील. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही आणि वचनाचा अर्थ लावून देणे हे माझे काम नाही. परंतु ज्या घरात वचन रोज वाचले जाते त्या घराशी बोलताना ते बाजूला ठेवणे मला कृत्रिम वाटते. म्हणून मी त्यांना एवढेच सांगितले की, ईस्टर हा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दिनदर्शिकेत एका दिवसाचा सण नाही. तेथून पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस हा आनंदाचाच काळ मानला गेला आहे. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने तर या दिवसांत गुडघे टेकून नव्हे, उभे राहून प्रार्थना करावी असा नियमच घालून दिला. जुन्या मंडळीने जे दिवस शोकापासून राखून ठेवले, त्या दिवसांत उपवासाची मुदत वाढवून मुलाला वळवण्याचा प्रयत्न करण्याआधी, तो बसायचे नेमके कधी थांबला आणि त्या दिवशी घरात काय घडले, हे पाहू या, असे मी सुचवले. "काही नाही घडलं," त्या म्हणाल्या. "ईस्टरला पाहुणे होते, जेवणं झाली, संध्याकाळी हा खोलीतून बाहेरच आला नाही."

मुलाला पाठवा, असे मी सांगितले. मात्र 'समुपदेशकाकडे नेतो' असे न म्हणता त्याला यायचे आहे का हे विचारून. तो आला. पहिली काही मिनिटे मी केवळ त्याची झोप, भूक, अभ्यासात लागणारे लक्ष आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार यांबद्दल विचारले. परीक्षेच्या तोंडावर असलेल्या प्रत्येक मुलाला मी हा शेवटचा प्रश्न सरळ शब्दांत विचारतो. तो विचारल्याने असा विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. त्याला तसे काही वाटत नव्हते. झोप कमी होती, राग मात्र पुष्कळ होता.

घडले ते असे. कोचिंगची सराव परीक्षा दर रविवारी सकाळी नऊला असे, आणि ती ईस्टरलाही होती. मुलाने आपल्या परीने तोड काढली: तो आजीला घेऊन पहाटेच्या उपासनेला गेला, तेथून तिला घरी सोडून परस्पर परीक्षेला गेला. वडील रात्रपाळीहून सकाळी आठला परतले, अंघोळ करून थेट मुख्य उपासनेला गेले आणि तेथे मुलगा दिसला नाही. ते पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, सभासद. बाहेर पडताना एकाने 'चिरंजीव दिसले नाहीत आज' असे हसत विचारले. दुपारी घरी बारा-पंधरा माणसे जेवायला, सावजी मटणाची पातेली चुलीवरून उतरलेली, पानं वाढली जात होती. मुलगा परीक्षेहून आला तेव्हा वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "याला देवापेक्षा टेस्ट मोठी. ज्याला प्रभूसाठी एक सकाळ निघत नाही, तो डॉक्टर होऊन काय दिवे लावणार?" आई वाढत होत्या. मुलगा पहाटे उपासनेला गेला होता हे त्यांना ठाऊक होते. नवऱ्याला पाहुण्यांसमोर खोटे पाडू नये म्हणून त्या गप्प राहिल्या.

"त्याच रात्री पप्पा प्रार्थनेत म्हणाले, प्रभू, आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर," मुलगा म्हणाला. "मी दाराआड ऐकत होतो. मला काहीच म्हणाले नाही. मम्मीला तर सगळं माहीत होतं. मग मी काहून बसू तिथे?"

या वाक्यात अविश्वास नाही, असे माझे मत आहे. उलट, प्रार्थनेतला शब्द खरा असायला हवा असा आग्रह त्यात आहे, आणि तो मुलाने त्याच घरातून उचलला आहे. किशोरवयातली मुले चर्च सोडतात तेव्हा पालक मोबाइलला, मित्रांना, कॉलेजला दोष देतात. या कारणांत तथ्य नसते असे नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या बोलण्यात त्यांच्याही आधी घरातला असा एखादा प्रसंग निघतो, ज्याची भरपाई कोणी केलेली नसते. देवाकडे क्षमा मागणे सोपे असते, कारण देव समोरून 'तुम्ही मला चारचौघांत बोललात' असे म्हणत नाही. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाकडे ती मागणे फार अवघड असते.

पुढच्या भेटीला आई-वडील आले आणि त्यांच्याबरोबर आजीही आल्या. त्यांना बोलावले नव्हते, पण त्या आल्या ते बरेच झाले. वडिलांची बाजू ऐकून घेणे आवश्यक होते. त्यांचे स्वतःचे वडील रविवार शाळेचे शिक्षक होते, कमिटीत आपल्या घराकडे लोकांचे लक्ष असते, रनिंग ड्युटीमुळे आपल्याला सगळ्या उपासना मिळत नाहीत ही बोचणी त्यांच्या मनात आहे. लेंटमध्ये त्यांनी सहकाऱ्यांशी ड्युट्या बदलून शुक्रवार मिळवले होते. मुलगा मात्र हाताशी असलेला रविवार घालवतो, याचा त्यांना संताप आला. हे सगळे त्यांनी सांगितले आणि शेवटी म्हणाले, "आम्ही एवढं करतो ते याच्यासाठीच ना?" तेव्हा आजी पदर सावरत म्हणाल्या, "पोरगं पहाटी माह्यासंगच होतं. कोनी इचारलंच नाही त्याले." वडिलांनी बायकोकडे पाहिले. त्यांना हे तोवर कोणी सांगितलेलेच नव्हते.

यानंतर बराच वेळ नवरा-बायकोंचेच बोलणे झाले आणि ते येथे सगळे सांगण्याचे कारण नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते हे की, आईंनी आपले गप्प राहणे 'शांती राखणे' असे समजून चालवले होते, आणि मुलाला लागले होते ते वडिलांच्या शब्दांपेक्षा त्या गप्प राहण्याने अधिक. माफी त्यामुळे दोघांकडून यायची होती.

वडिलांना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदे तोंडपाठ आहेत. मी त्यांना टिळकांच्या घराची आठवण करून दिली. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, ही हकिकत रेल्वेतल्या या गृहस्थांना माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, हेही त्यांना माहीत होते; पण मधली पाच वर्षे त्यांनी कधी मोजली नव्हती. ज्याच्या गीतांवर मराठी मंडळी आजही उपासना करते, त्याच्या स्वतःच्या घरात विश्वास सगळ्यांना एका दिवशी आला नाही, आणि पत्नी आली ती तिच्या वेळेला, तिच्या मनाने आली. सतरा वर्षांच्या मुलाला महिनाभर देणे त्यामानाने फार नाही.

दुसरा संदर्भ ईस्टरनंतरचाच होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्यांना भेटतो. पेत्र या शिष्याने त्याला तीनदा नाकारलेले आहे, तेही कोळशांच्या विस्तवाजवळ उभे राहून. किनाऱ्यावरही कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे. येशू आधी सगळ्यांना जेवायला बोलावतो आणि जेवण झाल्यावर पेत्राला विचारतो, ते 'का नाकारलेस' असे नव्हे, तर 'माझ्यावर प्रीती करतोस काय' असे. या घरात ईस्टरच्या दिवशी नेमका उलटा क्रम झाला होता: ताटावर बसण्याआधीच निकाल लागला होता. आणि कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात 'ख्रिस्ताबरोबर उठवले गेलेले' या उंच विषयाने होते, पण तोच अध्याय थोड्याच ओळींत एकमेकांचे सोसण्यावर, क्षमेवर आणि पुढे नवरा, बायको, मुले यांच्यावर येतो. तेथे बापांना बजावले आहे की मुलांना चिडीला आणू नका, ती खचतील. कमिटीच्या सभासदाला हे वचन नवीन नव्हते. त्यांनी मान हलवली, आणि मग व्यवहाराचा प्रश्न विचारला, "पण म्हणायचं काय त्याला?"

काय म्हणायचे यावर आम्ही वेळ घालवला, कारण बहुतेक पालकांची माफी 'पण'पाशी बिघडते. 'माझं चुकलं, पण तूही सांगायला हवं होतंस' यातला पहिला अर्धा भाग मुलाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी तीन गोष्टी सांगितल्या: जे केले ते नेमके नाव घेऊन सांगावे, त्याला कारण जोडू नये, आणि मुलाने लगेच 'ठीक आहे' म्हणावे अशी अपेक्षा धरू नये. अपमान पाहुण्यांसमोर झाला होता, तेव्हा निदान त्यांतल्या जवळच्या नातेवाइकांना खरी गोष्ट कळवावी, हेही सुचवले. आईंना मी ती वही काही दिवस मिटून ठेवायला सांगितले. प्रार्थना चालू राहू द्या, ती दहा मिनिटांची असू द्या, मुलाला हाक मारा आणि तो आला नाही तर त्याविषयी प्रार्थनेत काही बोलू नका. प्रार्थनेच्या आडून घरातल्या माणसाला सुनावण्याची सवय पुष्कळ भाविक घरांत असते, आणि मुलांना ती चटकन ओळखू येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्या घरात मारहाण आहे, दारू आहे, मूल किंवा बायको जीव मुठीत धरून राहते आहे, तेथे 'क्षमा करा, जुळवून घ्या' हा सल्ला मी देत नाही आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही देऊ नये. तेथे आधी सुरक्षितता: मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. मूल सतत उदास असेल, जगण्याविषयी निराश बोलत असेल, तर १४४१६ ही टेलि-मानसची सेवा आहे. प्रार्थना करीत असतानाही हे फोन करता येतात.

वडिलांनी माफी मागितली ती अजनीहून परतल्यावर, रात्री अकराला, मुलगा कूलरमध्ये पाणी भरत असताना. मुलाने नंतर मला सांगितले की, ते आधी कूलरच्या मोटारीविषयी बोलले, मग म्हणाले, "त्या दिवशी मी न विचारता सगळ्यांसमोर बोललो. तू पहाटे गेला होतास. मी चुकलो." त्याने 'बरं' एवढेच म्हटले. आईंना मात्र पुढे दोन-तीन दिवस लागले, आणि त्या बोलताना रडल्या, ज्यामुळे मुलालाच त्यांची समजूत घालावी लागली. असे होते, आणि आदर्श नसले तरी त्याने काही बिघडत नाही. माफीच्या दुसऱ्या दिवशीही तो प्रार्थनेला बसला नाही. आईंनी मला फोन करून विचारले की उपाय लागू पडला नाही काय. मी म्हटले, मुलाला प्रार्थनेला आणण्यासाठी माफी मागितली असेल, तर त्याला ते कळणारच.

रविवारचा तिढा मुलाने आणि वडिलांनी मिळून सोडवला. परीक्षेपर्यंतचे रविवार मुलगा सराव परीक्षेला जाईल, आणि आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी वडिलांची ड्युटी सुटेल त्या रात्री, जेवणानंतर एक वचन आणि एक गीत. 'नीट'ची परीक्षाही रविवारीच, दुपारी होती. त्या दिवशी वडिलांनी ड्युटी बदलून घेतली, मुलाला केंद्रावर सोडले आणि परीक्षा सुटेपर्यंत बाहेर उन्हात थांबले, कमिटीची बैठक असूनही. याचे कौतुक मुलाने माझ्याजवळ केले, वडिलांजवळ केले की नाही ते मला माहीत नाही.

पेंटेकॉस्टच्या सुमारास ते तिघे पुन्हा आले. मुलगा दोन रविवार चर्चला गेला होता, एकदा नव्हता गेला. आईंची वही बंद आहे, पण चिंता संपलेली नाही. प्रवेश बाहेरगावी मिळाला तर वसतिगृहात तो चर्च शोधील का, हा आता त्यांचा प्रश्न आहे. तो माझ्याऐवजी मुलालाच विचारा, असे मी सांगितले. त्यांनी तेथेच विचारला. मुलगा म्हणाला, "आधी प्रवेश तर मिळू दे, मम्मी. चर्च कुठे आहे ते पप्पा रेल्वेवाल्यांकडून काढतीलच."