मराठीत मजकुरावर चालणारा साहसी खेळ करायचाय, प्रोग्रामिंग येत नाही. ट्वाइन, इंक की इन्फॉर्म?

तुम्ही लिहिलंय की जुन्या वाड्याच्या तळघराची गोष्ट डोक्यात तयार आहे, खेळ मराठीतच हवा आणि खेळ बनवायच्या या तीन साधनांची नावं ऐकून गोंधळ झालाय. माझं उत्तर ट्वाइन. ते का, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण इंग्रजी खेळांसाठी दिलेले सल्ले मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आधी एवढंच ठरवा: खेळणारा आज्ञा टाइप करणार, की समोरच्या पर्यायावर बोट ठेवणार? विल क्राउदरने १९७६च्या सुमारास ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा गुहेत फिरायचा पहिला प्रसिद्ध मजकूर-खेळ लिहिला, तेव्हापासून टाइप करायची परंपरा चालत आलीय. ग्रॅहम नेल्सन यांचं इन्फॉर्म त्याच घराण्यातलं. त्याची सातवी आवृत्ती २००६मध्ये आली आणि २०२२मध्ये मुक्तस्रोत झाली, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला झाला. ‘स्वयंपाकघर ही एक खोली आहे’ अशा अर्थाचं साधं इंग्रजी वाक्य लिहिलं की खोली तयार! मला हे साधन मनापासून आवडतं, पण मराठी खेळासाठी मी ते सुचवणार नाही.

अडचण आपल्या सामान्यरूपाची आहे. इंग्रजीत दिवा उचला, पेटवा नाहीतर फेका, त्याचं नाव बदलत नाही. आपल्याकडे ‘कंदील घे’, ‘कंदिलात तेल घाल’, ‘कंदिलाची काच पूस’. वस्तू एकच, पण शब्द दर वेळी वेगळा, आणि मधला दीर्घ ‘दी’सुद्धा ऱ्हस्व होतो. शिवाय क्रियापद शेवटी. हे सगळं यंत्राला तुम्हालाच शिकवावं लागेल. त्यात खेळणारा ‘कंदिल’ असं टाइप करणार, तेही फोनवर, आणि खेळ म्हणणार की अशी वस्तू इथे नाही. गोष्ट सांगायची राहून तुम्ही व्याकरणाचं इंजिन बांधत बसाल.

ट्वाइनमध्ये खेळणारा टाइप करत नाही, पर्यायावर बोट ठेवतो, म्हणून हा प्रश्नच येत नाही. ख्रिस क्लिमस यांनी २००९मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. प्रत्येक प्रसंग म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. मजकुरात [[तळघर]] असं दुहेरी कंसात लिहिलं की त्या नावाचा नवा चौकोन आपोआप उगवतो आणि दोघांमध्ये बाण येतो. सामान्यरूपाची सोयही आहे: [[विहिरीपाशी जा->विहीर]]. बाणाच्या डावीकडे वाचकाला दिसणारं वाक्य, उजवीकडे प्रसंगाचं नाव. नावं नेहमी मूळ रूपात ठेवा. उजवीकडे चुकून ‘विहिर’ लिहिलंत तर ट्वाइन तक्रार करत नाही, गुपचूप एक रिकामा चौकोन तयार करतं. म्हणून रोज काम थांबवताना नकाशावर नजर फिरवा. कोपऱ्यात रिकामा चौकोन दिसला की बहुतेक वेळा ती ऱ्हस्व-दीर्घाची चूक असते.

सुरुवातीला ट्वाइन तुम्हाला हार्लो हा ‘स्टोरी फॉरमॅट’ देतं, म्हणजे खेळ कसा दिसेल, कसा चालेल आणि अटी कशा लिहायच्या हे ठरवणारा साचा. नवख्याला तो उत्तम. मी स्वतः शुगरक्यूब हा दुसरा साचा वापरतो, कारण त्यात खेळ मध्येच जतन करायची सोय तयार मिळते. दोघांची सूत्रं वेगळी आहेत. अर्ध्यावर बदललंत तर सगळ्या अटी पुन्हा लिहाव्या लागतील, तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही. खेळणाऱ्याला ‘तू’ म्हणालात की ‘गेलास’ की ‘गेलीस’ हे ठरवावं लागतं. एक तर सुरुवातीलाच विचारून उत्तर चलात (खेळ लक्षात ठेवतो अशा नाव दिलेल्या कप्प्यात) साठवा, नाहीतर सरळ ‘तुम्ही’ वापरा. ‘तुम्ही आत गेलात’ सगळ्यांना चालतं. ‘तू’ची जवळीक हवीच असेल तर ‘तू दार उघडलंस’ अशी वाक्यं जास्त घ्या. तिथे क्रियापदाचं रूप दाराच्या लिंगावर ठरतं, खेळणारा मुलगा की मुलगी हा प्रश्न उरत नाही.

इंक कधी घ्यावं? संवाद खूप असतील तेव्हा. इंकल या स्टुडिओने ते २०१६मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. साध्या मजकुरासारखं लिहायचं, पर्यायाच्या आधी चांदणी (*) घालायची. चांदणीचा पर्याय एकदा निवडला की पुन्हा दिसत नाही. वाड्यातल्या म्हातारीला ‘किल्ली कुठंय?’ विचारून झालं की तो प्रश्न आपोआप गळतो. पुन्हा पुन्हा विचारू द्यायचा असेल तर चांदणीऐवजी अधिकचं चिन्ह (+). संवाद लिहिताना याचा फार आधार वाटतो. त्यातला खेळही वेबपानावर काढा. ब्राउझरमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. युनिटी या खेळ बनवायच्या इंजिनात अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये मात्र देवनागरीची जुळणी आपसूक होत नाही, ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर जाऊन पडते.

ट्वाइन वेबवर वापरलंत तर गोष्ट तुमच्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते, तो साफ झाला की गेली. रोज संध्याकाळी प्रत उतरवून ठेवा, किंवा संगणकावर बसवायची आवृत्ती घ्या.

सगळा वाडा एकदम बांधू नका. दिंडी दरवाजा, चौक, विहीर, तळघर, एवढ्या चार जागा आणि एक किल्ली. तयार खेळ ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये निघतो. ती घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या, शेजारी गप्प बसा आणि बोट कुठे अडतं ते टिपून घ्या.